आईला आरए, आता फॅटी लिव्हर निघालं. मेथोट्रेक्सेट बंद करायची का?

अनघा_के
नमस्कार मंडळी, आईला (वय ५२) बरीच वर्षं आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) आहे, मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ आठवड्यातून एकदा, सोबत फोलिक अ‍ॅसिड आणि दुखणं उसळलं की थोडे दिवस प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड). सकाळी बोटं आखडायची ते आता जवळपास नाहीच. पण सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर आलंय, लिव्हरचे एन्झाइम एसजीपीटी ५८, एसजीओटी ४१, प्लेटलेट २ लाख ६० हजार. दारूचा संबंधच नाही. अपॉइंटमेंट पंधरा दिवसांनी आणि घरात सगळे म्हणतायत या गोळीनेच लिव्हरची वाट लावली, आधी बंद कर. या आठवड्याची गोळी द्यायची की नाही??

संधिवाती
परस्पर बंद नका करू, आरए एकदा उसळला की परत आटोक्यात आणताना नाकी नऊ येतात. पंधरा दिवस थांबूही नका, क्लिनिकला आजच फोन करून रिपोर्ट पाठवा. आणि रक्त कोणत्या दिवशी दिलं होतं? गोळी घेतल्यावर एक-दोन दिवस एसजीपीटी तात्पुरता चढू शकतो, म्हणून मी पुढच्या डोसच्या आदल्या दिवशीच देतो.

डॉ_निवांत
ग्रेड १ म्हणजे चरबी किती साठलीये एवढंच. खरी काळजी फायब्रोसिसची, म्हणजे लिव्हर कडक होण्याची, आणि ते त्या ग्रेडवरून कळत नाही. फिब-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा) काढा: वय गुणिले एसजीओटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). तुमच्या आकड्यांवर साधारण १.०८ येतं, १.३ च्या खाली म्हणजे जास्त फायब्रोसिसची शक्यता कमी. पण एक मेख आहे, आरए भडकलेला असला की प्लेटलेट वाढतात आणि मग हा आकडा उगाच चांगला दिसतो, तेव्हा शंका असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी). अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये फॅटी लिव्हर आहे म्हणून मेथोट्रेक्सेट सरसकट नको असं नाहीये, फक्त एन्झाइम नॉर्मल हवेत, फायब्रोसिस पुढे गेलेला नको आणि तपासण्या ४ ते ८ आठवड्यांनी. आईचा एसजीपीटी वाढलेला आहे, म्हणून डोस तोच ठेवायचा, कमी करायचा की थांबवायचा हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

रेवती७७
सगळं खापर मेथोट्रेक्सेटवर कशाला? वजन, शुगर, ट्रायग्लिसराइड बघितलं का? स्टिरॉइडनेही भूक, वजन, शुगर वाढते आणि सांधे दुखतात म्हणून हालचाल कमी, मग चरबी साठणारच. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के उतरलं तरी लिव्हरची सूज कमी होऊ शकते. गुडघे दुखत असतील तर पोहणं किंवा स्टॅटिक सायकल. आणि गुपचूप काही काढा, चूर्ण, पेनकिलर चालू आहे का ते विचाराच, आया हे सांगत नाहीत 🙄

अनघा_के
केला फोन! रक्त गोळीच्या दुसऱ्याच दिवशी दिलं होतं 🤦‍♀️ डॉक्टर म्हणाले या आठवड्याचा डोस थांबवा, चार दिवसांनी परत एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) करा, मग बोलू. आणि रेवतीताई, चूर्ण निघालं. सांध्यांसाठी म्हणून कुणीतरी दिलेलं, डब्यावर नावगाव काही नाही.

डॉ_निवांत
ते आधी बंद, आणि डबा डॉक्टरांना दाखवा. असल्या बिननावाच्या चूर्णांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यामुळे आई ते किती दिवसांपासून आणि किती घेतायत हे फोनवर आजच सांगा.