इमॅजिकाला दीड आणि साडेतीन वर्षांची लेकरं घेऊन जायचंय, मुक्काम कुठं करावा?

कडकभाकरी (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सोलापूरहून गाडीनं खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचा बेत आहे. मोठा साडेतीन वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. धाकटी दुपारी एक ते तीन झोपतेच, नाही झोपली तर संध्याकाळी कुणाला सुचू देत नाही.

पर्याय तीन दिसतायत. पार्काला लागून असलेलं नोव्होटेल, पण महाग. लोणावळ्यात बंगला, म्हणजे तेवढ्याच पैशात दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नाहीतर खोपोलीत साधं लॉज. घरात म्हणतात, दिवसभर पार्कातच असणार, खोलीवर कशाला पैसे घालवायचे? मला ते पटत नाही, पण नेमकं का ते सांगताही येईना. जाणकारांनी सांगावं.

---

होटगीरोड

ताई, घरच्यांचं म्हणणं मोठ्या माणसांच्या सहलीला लागू पडतं. एवढी लहान लेकरं असली की पार्कातला दिवस मधोमध तुटतो. पार्क साधारण साडेदहा-अकराला उघडतं. तिकीट, बॅगांची तपासणी, पहिली रांग यात अर्धा-पाऊण तास जातो आणि एक वाजता धाकटी पेंगायला लागते. बाबागाडीत झोपवता येतं, पण सगळीकडं स्पीकर चालू असतात. त्या आवाजात वीस-तीस मिनिटांची डुलकी होते, झोप होत नाही. त्यामुळं खोलीचे पैसे रात्रीचे म्हणून मोजूच नका, दुपारी एक ते चारचे म्हणून मोजा. त्या तीन तासांत तुम्ही पलंगापर्यंत किती लवकर पोचता, यावर कुठलं हॉटेल ते ठरवायचं.

या हिशेबात लोणावळा पहिल्यांदा बाद. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर दिसतं, पण मध्ये बोरघाट आहे. एका बाजूला पाऊण तास धरा, गर्दी असली तर तास. लेकरू गाडीत दहाव्या मिनिटाला झोपतं आणि बंगल्यावर पोचून उचललं की जागं होतं. मग पुन्हा घाट उतरून यायचं. त्यात शनिवारी मुंबईची सगळी गर्दी घाट चढत असते आणि संध्याकाळी पार्कातून निघालं की तुम्हीही त्याच लेनमध्ये असता.

आता बहुतेक जण चुकतात ती गोष्ट. खर्च वाचवायला लोक पार्काजवळ एकच रात्र घेतात. आदल्या रात्रीची घेतली, तर पार्काच्या दिवशी अकरा-बाराला खोली सोडावी लागते. त्याच रात्रीची घेतली, तर खोली दोन-तीनच्या आधी ताब्यात मिळत नाही. दोन्हीकडून एक ते तीनला खोली नाही आणि बॅगा रिसेप्शनला! पैसे भरले, झोप मात्र बाबागाडीतच. त्यामुळं एक तर दोन्ही रात्री त्याच खोलीत काढायच्या, नाहीतर लवकर चेक-इन किंवा उशिरा चेक-आउट आधीच लेखी घ्यायचं. ‘खोली रिकामी असली तर देऊ’ असं म्हणाले तर ते नाही असंच समजा. सुट्टीच्या दिवसांत खोली रिकामी नसते.

दोन रात्रींचं गणित सोलापूरहून बरोबर बसतं. पुणे अडीचशे किलोमीटर, तिथून पुढं ऐंशी-नव्वद. पहाटे सहाला निघालं, टेंभुर्णी किंवा इंदापूरला एक आणि पुणं ओलांडल्यावर एक असे मोठे थांबे घेतले, हडपसरची कोंडी सोसली, तरी तीनच्या आसपास पोचता, म्हणजे चेक-इनच्याच वेळेला. दुसरा दिवस पार्क, तिसऱ्या दिवशी नाश्ता करून परत. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळाच, फक्त तुम्ही ठरवलेल्या वारी पार्क चालू आहे का ते त्यांच्या कॅलेंडरमध्ये आधी बघा.

दुपारी बाहेर पडताना परत आत सोडतात का, हातावर शिक्का की बँड, हे सकाळी आत शिरतानाच विचारून ठेवा. एक वाजता पेंगणारं लेकरू खांद्यावर घेऊन विचारायची गोष्ट नाही ती.

---

पाणीवेस

वरच्याशी सहमत. खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं ते सांगतो, कारण वेबसाइटवरच्या फोटोत यातलं काही दिसत नाही.

फ्रिज. ‘खोलीत फ्रिज आहे’ एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच हॉटेलांत दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्यावरच खोलीची वीज सुरू होते. तुम्ही कार्ड काढून पार्कात गेलात की कधी कधी फ्रिजही बंद पडतो आणि सहा-सात तासांत दूध नासतं. फ्रिजची लाइन वेगळी आहे का ते विचारा, नसली तर दुसरं कार्ड मागून खाचेत ठेवून जा. शिवाय हे छोटे फ्रिज थंड पेय ठेवण्यापुरतेच असतात, घरच्यासारखं गार होत नाही. उकळलेलं दूध त्यात दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवू नका.

पलंग. हॉटेलचे पलंग गुडघ्याच्या वर असतात आणि दोन्ही बाजू मोकळ्या. एक बाजू भिंतीला सरकवून देतील का विचारा. काही पलंग भिंतीला पक्के बसवलेले असतात, मग सरळ गादी खाली टाकायला सांगा. पाळणा मागितला तर आधी जाळी घट्ट आहे का आणि पाय लॉक होतात का ते हलवून बघा. गादी आणि पाळण्याची कड यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको.

बाल्कनी. गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त अंतर असलं तर दीड वर्षाचं लेकरू त्यातून निसटू शकतं किंवा डोकं अडकवून घेतं. आडवे गज असले तर शिडीच झाली. अशा खोलीत खुर्ची-टीपॉय बाल्कनीतून आत घ्या आणि दाराला वरची कडी आहे याची खात्री करा. नसली तर तळमजला किंवा बिनबाल्कनीची खोली मागा. सासूबाईंसाठीही तळमजलाच बरा.

बाथरूम. नुसता शॉवर असला तर लहान लेकरं रडून आकांत करतात. बादली-मग मागून घ्या. गीझरचं पाणी आधी गार सोडून मग गरम मिसळायचं, उलटं नाही. चहाची किटली टेबलाच्या कडेला असते आणि तिची वायर खाली लोंबत असते. खोलीत शिरल्या शिरल्या ती कपाटात टाका.

जोडून असलेल्या दोन खोल्या, म्हणजे मधलं दार असलेल्या, मिळाल्या तर सासूबाईंना धाकटीजवळ थांबता येतं आणि मोठ्याला घेऊन तुम्ही दोघं परत पार्कात जाऊ शकता. ‘शेजारच्या खोल्या’ आणि ‘मधलं दार असलेल्या खोल्या’ यात बुकिंग घेणारे गोंधळ घालतात, शब्द नीट वापरा.

---

सातरस्ता

नोव्होटेलच पाहिजे असं काही नाही, माझं मत थोडं वेगळं. पैसे वाचवायचे असतील तर लोणावळ्याचा बंगला नको, खोपोलीचं लॉज घ्या. तिथून पार्क जवळ आहे, मध्ये घाट नाही, पंधरा-वीस मिनिटांत दुपारचं येणं-जाणं जमतं. फक्त चार गोष्टी पक्क्या करा. खोली रस्त्याच्या मागच्या बाजूची हवी, नाहीतर जुन्या हायवेचे ट्रक रात्रभर हॉर्न देतात. जनरेटरवर एसी चालतो का, की नुसता पंखा आणि दिवा, ते विचारा. कमोड हवा. आणि लिफ्ट नसेल तर तळमजला. यातलं एक जरी नाही म्हणाले तरी सासूबाईंचे आणि लेकरांचे हाल होतात, मग वाचलेले पैसे औषधात जातात.

बंगल्याबद्दल अजून एक. खाजगी बंगल्यांत स्विमिंग टँक दिवाणखान्याच्या दारातच असतो आणि त्याला कुंपण बहुतेक नसतंच. लहान लेकरू पाण्यात पडलं तर ओरडत नाही, हातपाय झाडण्याचाही आवाज येत नाही. पाणी आणि दार यांच्यामध्ये बंद होणारं फाटक नसेल तर दीड वर्षाच्या पोरीला घेऊन तिथं राहूच नये. स्वयंपाकघर मिळतं म्हणून लोक भुलतात.

आपल्याकडचे पुष्कळ जण रामोजी फिल्मसिटीही मनात धरतात म्हणून सांगतो, अंतर साधारण तेवढंच आहे. आपला पुणे-हैदराबाद हायवेच पुढं विजयवाड्याकडं जातो आणि रामोजी त्याच रस्त्यावर, पण हैदराबादच्या पलीकडच्या टोकाला आहे. शहरातून जायचं नाही. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद करत पटनचेरूला आऊटर रिंग रोड पकडायचा आणि पेद्दा अंबरपेटला उतरायचं. तिथं मुक्काम करायचा तर आतच, तारा किंवा सितारा हॉटेलात. जागा १,६६६ एकरांची आहे आणि फाटकापासून आत त्यांच्या बसनं जावं लागतं, त्यामुळं बाहेरच्या हॉटेलवर दुपारी झोपायला जाणं विसरा. पण तिथं सेट बघणं, बसमध्ये बसणं आणि शो हाच मुख्य कार्यक्रम. फंदुस्तान हा लेकरांचा भाग सोडला तर दीड वर्षाच्या पोरीला त्यात काय कळणार? पाच-सहा वर्षांची झाली की जावा.

---

कडकभाकरी

सगळ्यांचे आभार. एक ते तीनला खोलीच हातात नसणार, हे डोक्यातच आलं नव्हतं! दोन रात्रीच घेते. लॉजवाल्यांना आज फोन लावते, चारही गोष्टींना हो म्हणाले तर ते, नाहीतर नोव्होटेल. आता खाण्याचं सांगा. धाकटी गाईचं दूध आणि मऊ वरण-भात एवढ्यावरच आहे. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत म्हणे?

---

शेंगाचटणी

बाहेरचं खाणं अडवतात, बाळाचं खाणं बहुतेक सोडतात. वेगळ्या छोट्या पिशवीत, बाळाच्या वाटी-चमच्यासकट ठेवा, म्हणजे फाटकावर वाद होत नाही. मोठ्यांचे डबे त्यात घातले की सगळंच अडकतं.

दुधाला सोपा मार्ग म्हणजे २०० मिलीचे टेट्रापॅक. न फोडलेल्या पॅकला फ्रिज लागत नाही, उकळायचीही गरज नाही. फोडल्यावर तासाभरात संपवायचं, उरलेलं फेकायचं. पण त्याची चव पिशवीच्या दुधापेक्षा वेगळी लागते आणि लेकरं तोंड फिरवतात. जायच्या आठ दिवस आधीपासून रोज एक वेळ तेच देऊन सवय लावा.

वरण-भात हॉटेलच्या स्वयंपाकघरातून सकाळी करून घ्या. ‘बिनतिखट’ एवढं सांगून भागत नाही, तिखट वगळून मिरी घालतात. ‘फक्त मीठ, हळद, तूप, आणि भात दुप्पट पाण्यात’ असं सांगा. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओतून द्या, मग वाफाळता भात भरा आणि झाकण लगेच लावा. गार थर्मासमध्ये भरलेला भात तासाभरात कोमट होतो, आणि कोमट भातात जंतू झपाट्यानं वाढतात. संध्याकाळपर्यंत तो पुरवायचा नाही, दुपारच्या आत संपवायचा. दुपारनंतर नाचणीचं सत्त्व बरं. कोरडं पीठ नेता येतं आणि खोलीतल्या किटलीचं पाणी चालतं, पण आधी घरी भाजून-शिजवून वाळवलेलं असेल तरच. कच्चं पीठ नुसत्या गरम पाण्यात शिजत नाही, पोट दुखतं.

शेंगदाणे, चिक्की, कडक भाकरीचे तुकडे दोघांच्याही हाती नकोत, घशात अडकतात. लोणावळ्यावरून येताना गाडीत चिक्कीचा डबा उघडायची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगते. आपली शेंगाचटणी चालते, पण तुपात किंवा दह्यात कालवून. कोरडी भुकटी श्वासात जाते.

हवेचंही बघा. खोपोली घाटाखाली, दमट. आपल्याकडं ऊन जास्त पण घाम वाळतो, तिथं अंगावरच राहतो आणि मानेत, काखेत पुरळ येतं. दिवसाला तीन सुती जोड धरा. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची, अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात असा अंदाज नको, आणि कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. रात्री एसीत हॉटेलची जाड रजई दीड वर्षाच्या लेकराच्या तोंडावर येते, त्यापेक्षा घरची सोलापुरी चादर चौघडी करून कमरेपर्यंत घाला.

---

होटगीरोड

दोन गोष्टी राहिल्या. लेकरांचं तिकीट आणि राइड दोन्ही उंचीवर असतात, वयावर नाही. दोघांची उंची घरी चपलेशिवाय सेंटीमीटरमध्ये मोजून घ्या आणि बुकिंगच्या दिवशीचा नियम बघूनच तिकिटं काढा. हत्तीचा ‘टबी टेक्स ऑफ’, मॅजिक कॅरोसेल असल्या राइड्स सकाळच्या सत्रात उरका. नायट्रो रोलरकोस्टरसारखं मोठं काही करायचं तर दुपारी, एक जण खोलीत थांबून.

आणि गाडीत लेकरू मांडीवर घेऊन बसवू नका. १४ वर्षांखालच्यांना बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे. दंडाचं जाऊ द्या, एक्सप्रेसवेवर जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू हातात राहत नाही. दीड वर्षाच्या पोरीची सीट मागच्या बाजूला तोंड करून बसवायची. तीनशे तीस-चाळीस किलोमीटर ती त्यात बसेल का, हे आधी अक्कलकोटपर्यंत जाऊन-येऊन बघा.

---

पाणीवेस

सासूबाईंना विचारा, महडचा वरदविनायक खोपोलीजवळच आहे, पालीचा बल्लाळेश्वर पार्काच्या रस्त्यानंच पुढं. पार्काच्या दिवशी त्यात घालू नका. पहिल्या दिवशी वेळेत पोचलात तर महड, नाहीतर तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर. पाली केलं तर त्या दिवशी सोलापूरला पोचायला रात्र होते, मग पुण्याच्या अलीकडं थांबू नका, पुणं ओलांडून हडपसरच्या पुढं मुक्काम करा. सकाळी शहरातून गाडी काढायची वेळ येत नाही.