एकाच सेलमध्ये अनेक ओळी: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचं डिस्पॅच बघते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच एक्सेल याद्यांमध्ये एकाच ग्राहकाचा पत्ता चार रोमध्ये (आडव्या रांगांत) पसरलेला असतो. नाहीतर स्पेसबार दाबदाबून मजकूर खाली ढकललेला असतो. यादी सॉर्ट केली की घोडबंदरचा ग्राहक कळव्याच्या पिनकोडला जाऊन चिकटतो आणि कॉलमची रुंदी बदलली की स्पेसवाला पत्ता विस्कटतो. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून धरून एंटर मारलं की त्याच सेलमध्ये नवी ओळ मिळते. एवढी साधी गोष्ट कुणी शिकवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. एक माणूस, एक रो, यावर मी ठाम आहे. तुमच्या कामात हे कुठे अडलं आणि कसं सुटलं, सविस्तर लिहा.

कोपरखैरणे, सोसायटीचं कार्यालय

आमच्याकडे सभासद आपला गावचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवतात. तो कॉपी करून सेलवर नुसता पेस्ट केला की प्रत्येक ओळ वेगळ्या रोमध्ये उतरते आणि खालच्या सभासदांची माहिती पुसली जाते. त्यासाठी आधी सेलवर डबल क्लिक करायचं किंवा एफ-२ दाबायचं, कर्सर आत लुकलुकू लागला की मग पेस्ट करायचं. सगळा पत्ता एका सेलमध्ये बसतो.

मर्ज केलेल्या, म्हणजे जोडून एक केलेल्या, सेलपासून मात्र जपा. साध्या सेलमध्ये ओळी वाढल्या की रोची उंची आपोआप वाढवता येते, मर्ज केलेल्यात ती वाढत नाही. आमच्या पाण्याच्या नोटिशीत शेवटची ओळ होती 'टाकी सफाईमुळे दुपारनंतर पाणी येणार नाही'. प्रिंटमध्ये नेमकी तीच कापली गेली, आणि संध्याकाळी लोक रिकाम्या बादल्या घेऊन खाली आले. तेव्हापासून नोटिशीत मर्ज बंद.

तुर्भे, मालवाहतूक

ताई, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. यादी माणसाने वाचायची असेल तर सेलमध्ये हव्या तेवढ्या ओळी घ्या. ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) करून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची असेल तर त्याच ओळी डोकेदुखी होतात. दुहेरी अवतरणात असलेली नवी ओळ सीएसव्हीच्या नियमात बसते, पण बरीच सॉफ्टवेअर फाइल ओळीओळीनं वाचतात. पत्त्याची दुसरी ओळ त्यांना नवीन पार्टी वाटते, आणि 'सेक्टर १९' नावाच्या माणसाची पावती निघते.

अशा वेळी कंट्रोल-एच दाबून शोधून बदलण्याची (फाइंड-रिप्लेस) खिडकी उघडा. 'फाइंड'च्या चौकटीत कंट्रोल-जे दाबा, ती नव्या ओळीची खूण आहे. चौकट रिकामीच दिसेल, फार तर बारीकसा ठिपका लुकलुकेल. 'रिप्लेस'मध्ये स्वल्पविराम आणि एक स्पेस द्या आणि रिप्लेस ऑल करा. हे मूळ फाइलवर नाही, तिच्या प्रतीवर करा. पण माझा खरा आग्रह वेगळाच आहे: इमारत, रस्ता, गाव, पिनकोड यांचे कॉलमच वेगळे ठेवा.

कळवा, शिक्षिका

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये लिबरऑफिस आहे. तिथे कॅल्कमध्ये (त्यातला एक्सेलसारखा प्रोग्राम) नवी ओळ कंट्रोल-एंटरने येते. मुलं घरी एक्सेलवर तेच दाबतात. एक्सेलमध्ये मात्र कंट्रोल-एंटरने लिहिलेला मजकूर निवडलेल्या सगळ्या सेलमध्ये भरला जातो. एका विद्यार्थिनीने शेऱ्यांचा अख्खा कॉलम निवडून ठेवला होता, क्षणात सगळ्या वर्गाला 'अक्षर सुधारावे' हाच शेरा मिळाला. कंट्रोल-झेड दाबून तो परत घेतला. आता मी दोन्ही प्रोग्राम शेजारीशेजारी उघडून दाखवते. गूगल शीट्समध्ये ऑल्ट-एंटर चालतं.

नेरुळ, डिझायनर

मॅकवाल्यांसाठी, एक्सेलमध्ये नवी ओळ: कंट्रोल, ऑप्शन आणि रिटर्न एकदम.

वाशी, एपीएमसी दाणा मार्केट

मी हिशेब बघतो. दोन याद्यांमध्ये पार्टीचं नाव अक्षरशः सारखं दिसायचं, पण व्हीलुकअप (दुसऱ्या यादीत शोधून देणारा फॉर्म्युला) ते सापडत नाही म्हणायचं. जादा स्पेस काढणारं ट्रिम लावून झालं, फरक शून्य. मग दोन्ही नावांवर अक्षरं मोजणारं लेन लावलं, तर एक आकडा एकाने जास्त. टायपिस्टने नावाच्या शेवटी ऑल्ट-एंटर मारून सोडलं होतं. ती नवी ओळ म्हणजे फॉर्म्युल्यातलं कॅर(१०), CHAR(10). ट्रिम फक्त साध्या स्पेस काढतं, हिला हात लावत नाही. न दिसणारी चिन्हं काढणाऱ्या क्लीनने ती गेली. पण ओळ मधोमध मोडलेली असेल तर क्लीनने दोन शब्द एकमेकांना चिकटतात, तिथे सबस्टिट्यूटने (एका मजकुराच्या जागी दुसरा घालणारा फॉर्म्युला) कॅर(१०)च्या जागी स्पेस घाला.

ऐरोली, ऑडिटचं काम

लांब शेरे लिहिणाऱ्यांसाठी. एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरं मावतात, पण रोची उंची ४०९ पॉइंटच्या पुढे जात नाही. त्यामुळे मजकूर आत असतो आणि कागदावर येत नाही. कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून फॉर्म्युला बार मोठा करा, सगळं वाचता येतं. आणि ऑल्ट-एंटर फॉर्म्युल्यातही चालतं! लांबलचक इफ (अट तपासणारा फॉर्म्युला) मी ओळी पाडूनच लिहितो; उत्तरात काही बदल होत नाही आणि पुढच्या माणसाला ते समजतं.

पुन्हा वागळे इस्टेट

तुर्भ्याचे दादा, तुमचं पटलं. आमच्या यादीत आता पत्त्याचे कॉलम वेगळे केले आहेत आणि लेबलासाठी शेजारी टेक्स्टजॉइन (अनेक सेलचा मजकूर जोडणारा फॉर्म्युला) लावलं आहे, एक्सेल २०१९पासून ते मिळतं. जोडायचं चिन्ह कॅर(१०), दुसऱ्या जागी ट्रू, म्हणजे रिकामे सेल वगळले जातात. म्हणजे विंगचा सेल रिकामा असला तरी लेबलावर कोरी ओळ येत नाही. रॅप टेक्स्ट (सेलमधला मजकूर अनेक ओळींत दाखवणारी सोय) मात्र स्वतः चालू करायचं. सेलमध्ये हाताने ऑल्ट-एंटर मारलं की ते आपोआप लागतं, फॉर्म्युल्याने ओळी आणल्या तर लागत नाही आणि सगळा पत्ता एका ओळीत सलग दिसतो.