‘संयुजा’ आणि ‘ऑक्सिडीकरण संख्या’: फरक कसा सांगावा?

भाचीला अकरावीचं रसायनशास्त्र शिकवतोय. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात होती. ‘ऑक्सिडेशन नंबर’ म्हटलं की ‘म्हणजे संयुजाच ना?’ असं विचारते. सोडियम क्लोराइडमध्ये दोन्हींचा आकडा एकच येतो, पण पोटॅशियम परमँगनेटमधल्या मँगनीजपाशी गाडी अडते. तिला मराठीत काय सांगू?

उत्तर १
‘ऑक्सिडीकरण संख्या’ म्हणा. ‘ऑक्सिडीभवन’ हे रूपही वाचनात येतं, तेही चालेल. ‘संयुजा’ मात्र इथे नकोच. अणू किती बंध करतो ती संयुजा. तिला धन-ऋण चिन्ह नसतं. ऑक्सिडीकरण संख्या काढताना प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन जास्त विद्युतऋण (म्हणजे इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढणाऱ्या) अणूच्या नावावर मांडायचे आणि अणूवर किती प्रभार आला असता ते पाहायचं.

कार्बन घ्या, यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मिथेनमध्ये −४, मिथेनॉलमध्ये −२, फॉर्माल्डिहाइडमध्ये ०, फॉर्मिक आम्लात +२, कार्बन डायऑक्साइडमध्ये +४. या पाचही ठिकाणी संयुजा ४ च! मिथेनपासून कार्बन डायऑक्साइडपर्यंत पायरीपायरीने होणारं ऑक्सिडीकरण संयुजेत दिसतच नाही. भाचीला हे पाच रेणू कागदावर काढायला लावा.

परमँगनेटचा हिशेब सोपा आहे. पोटॅशियम +१, चार ऑक्सिजनचे मिळून −८, एकूण बेरीज शून्य हवी. म्हणून मँगनीज +७.

उत्तर २
वरच्या उत्तरातला ‘आला असता’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा. मँगनीजवर खरोखर +७ प्रभार नसतो. म्हणूनच लिहिण्यातही भेद करतात: आयनाचा प्रभार ‘२+’, ऑक्सिडीकरण संख्या ‘+२’.

ऑक्सिजन नेहमी −२ असंही पाठ करू देऊ नका. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेले असतात. त्या बंधातले इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे वाटले जातात, म्हणून तिथे −१.

आणि ‘क्षपण’ (रिडक्शन, ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) या शब्दाची फोड तिला जरूर सांगा. क्षपण म्हणजे क्षय करणं, घटवणं. इलेक्ट्रॉन मिळतात तरी ‘घट’ कशी, असा प्रश्न मुलांना पडतो. घटते ती ऑक्सिडीकरण संख्या: परमँगनेटचं आम्लात क्षपण झालं की मँगनीज +७ वरून +२ वर येतो.

मूळ प्रश्नकर्ता
फार उपयोग झाला. एक शंका उरली. मॅग्नेटाइटमध्ये तीन लोह, चार ऑक्सिजन. लोहाचं उत्तर ८/३ येतं. अपूर्णांक चालतो?

उत्तर २
सरासरी म्हणून चालतो. प्रत्यक्षात त्या तिघांपैकी एक लोह +२ आणि दोन +३ असतात. बेरीज करून पाहा, ८ च येते.