पेताँक (गोळे फेकून लक्ष्याच्या जास्तीत जास्त जवळ नेण्याचा फ्रेंच खेळ): दोन बूल (फेकायचे धातूचे गोळे) जवळजवळ सारख्याच अंतरावर, मोजायचं कसं?

प्रश्न: कोशोने (लक्ष्य असलेली छोटी गोळी) आणि दोन्ही बूल यांतलं अंतर साधारण ४० सेंमी, फरक दोन-तीन मिमीचा. टेपने दर वेळी वेगळा आकडा येतो. चूक कुठे होते?

उत्तर १: टेप वरून धरत असाल. कोशोनेचा व्यास ३० मिमी, बूलचा ७०.५ ते ८०, म्हणजे दोघांची मध्यं एका उंचीवर नसतात. कोशोनेच्या कडेपासून बूलच्या सर्वांत जवळच्या पृष्ठभागापर्यंत मोजा, बूलच्या माथ्यापर्यंत नाही. टेपला झोळ नको. डोळा वरून तिरका ठेवलात तर आकडा हमखास फसवतो. आकडा वाचण्यापेक्षा काठी एका बूलला जुळवून तीच लांबी दुसऱ्याला लावून पाहा. बूल कोशोनेच्या अगदी जवळ असतील तर कॅलिपर (बारीक अंतर मोजायचं जबड्याचं साधन) वापरा.

उत्तर २: त्याआधी कोशोनेची जागा जमिनीवर खूण करून ठेवा. मोजताना तुमच्याकडून कोशोने किंवा बूल हलला तर तो गुण तुमच्या संघाचा जातो! मध्ये तिसरा बूल आडवा येत असेल तर त्याचीही खूण करून तो तात्पुरता उचलता येतो. पावलांनी मोजायला नियमात मनाईच आहे.

उत्तर ३: मोजायचं काम शेवटचा बूल टाकणाऱ्याचं किंवा त्याच्या साथीदाराचं. प्रतिस्पर्धी नंतर पुन्हा मोजू शकतात. तरीही पटलं नाही तर पंच.