मदत हवी आहे : एकाच डिझाइनचे ४० जोड मागितलेत, हो म्हणू का?

नमस्कार. दोन वर्षं झाली, तारेची आणि मण्यांची कानातली करते. नोकरी सांभाळून, रात्री घरातलं आवरल्यावर. आधी हौस होती, मग ओळखीतल्या बायका मागून घेऊ लागल्या. आता प्रकरण हौसेच्या बाहेर चाललंय म्हणून हा धागा.

एका दुकानाच्या मालकीणबाईंनी कुणाच्या तरी कानात माझा एक जोड बघितला. त्यांना तेच डिझाइन हवंय, ४० जोड, पाच आठवड्यांत. माल त्यांच्याकडे ठेवायचा, विकला गेला की पैसे, आणि विक्रीच्या किमतीतले ४० टक्के त्यांचे. ऐकून आधी हुरळले. मग वही काढून बसले.

डिझाइन साधं आहे. २० गेजच्या (साधारण ०.८ मिमी) पितळी तारेचं चपटं वेटोळं, मधोमध २६ गेजच्या (त्याहून बारीक) तारेने बांधलेला मणी, वर कडी आणि विकतचा तयार हूक. मी सगळं अंदाजाने वळते. एक जोड करायचा तर अंदाज पुरतो, दोन्ही शेजारी ठेवून जुळवता येतात. पण ४० जोड एका ट्रेमध्ये मांडले तर? परवा मुद्दाम सहा जोड सलग केले. सहावा पहिल्यापेक्षा जवळजवळ ३ मिमी मोठा! शिवाय डाव्या कानाचं वेटोळं उलट्या दिशेने वळावं लागतं आणि तिथे हात हमखास अडतो. उजवं १२ मिनिटांत होतं, डाव्याला २०. मणी आणि हूक धरून जोडाला ४० मिनिटं, म्हणजे सगळे मिळून २७ तासांच्या आसपास. मणी निवडणं नि पॅकिंग वेगळंच.

किंमत मी आजवर ‘सामानाच्या तिप्पट’ लावत आले. त्यातून दुकानाचा वाटा वजा केला तर माझ्या मजुरीचं काय उरतं, ते इथे लिहायची लाज वाटते.

आणि एक गोष्ट, जी कुणाला सांगितलेली नाही. गेल्या महिन्यात एकीने फोटो पाठवला. कानाची पाळी लालभडक, खाज, दुसऱ्या दिवशी पाणी. मी पैसे परत केले, पण बाकीच्यांचे हूकही त्याच पाकिटातले आहेत आणि पाकिटावर ‘सिल्व्हर कलर’ एवढंच छापलंय.

हो म्हणू का? किंमत कशी लावू? आणि हूकचं काय?

प्रतिसाद १

आधी तुमची आठ मिनिटं वाचवतो. डावं वेटोळं उलटं वळू नका. दोन्ही एकाच दिशेने वळा आणि एक पालथं घाला. चपट्या वेटोळ्याला पालथं घातलं की ते आपोआप आरशातलं रूप होतं. अट एकच, मणी पालथं घातल्यानंतर बांधायचा.

आकार वाढत जातो कारण तुम्ही तार रिळावरून ओढत वळता, असं वाटतं. मनासारखं झालेलं एक वेटोळं उलगडून सरळ करा आणि लांबी मोजा. त्या मापाचे ८० तुकडे एका बैठकीत कापा, मग वळायला घ्या. तार संपली की वेटोळं संपलं, डोळ्यांवर भार नाही. आणि जोड जोड करत पुढे जाऊ नका. एक दिवस फक्त कापणं, एक दिवस वळणं, एक दिवस मणी बांधणं. साधन खाली ठेवून दुसरं उचलण्यात किती वेळ जातो, हे एकदा असं केल्यावरच कळतं.

शेवटी नायलॉनच्या हातोडीने पोलादी ठोकळ्यावर हलकं ठोका. तार वाकवली-ठोकली की कडक होते, आकार धरते. लोखंडी हातोडीने मात्र ती चेपते आणि वळ उठतात. पक्कडीच्या जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळा, ओरखडे वाचतील.

प्रतिसाद २

बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी हूक. तुम्ही लिहिलंय ते वाचून निकेलचाच (अनेकांना ॲलर्जी देणारा धातू) संशय येतो. स्वस्त तयार हूकांत निकेल असतं, कधी धातूतच, कधी मुलाम्याच्या खालच्या थरात. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून मिळतं त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त असतं. नावाने फसलेले खूप पाहिलेत, त्यात मीही आहे.

टोचलेल्या कानात घालायच्या भागांसाठी युरोपीय संघाचा नियम आठवड्याला प्रति चौरस सेंटीमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपर्यंतच निकेल सुटू देतो. त्वचेवर टेकणाऱ्या बाकी दागिन्यांना ०.५. यावरून कळेल की भोकाच्या आतली कातडी किती नाजूक धरतात.

घरी तपासता येतं. डायमिथाइलग्लायॉक्झिमची चाचणी मिळते, कापसाच्या बोळ्यावर थेंब घेऊन हूक घासायचा, गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. पण नव्या हूकवर वरचा मुलामा शाबूत असतो, तेव्हा बोळा पांढराच राहील आणि मुलामा झिजल्यावर त्रास सुरू होईल. म्हणून एक हूक कानसीने घासून मगच तपासा.

बदली म्हणून टायटॅनियम किंवा निओबियम सगळ्यात निर्धास्त. ९२५ चांदी (९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुधा तांबं) बहुतेकींना चालते. ३१६एल स्टीलमध्ये निकेल असतंच, फक्त ते फार कमी सुटतं, तेव्हा ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांना ते देऊ नका. आणि कार्डावर ‘ॲलर्जी होणार नाही’ असं छापू नका हो. धातूचं नाव लिहा, पुढचं ज्याचं त्याला ठरवू द्या.

कातडी हिरवी पडली तर ती वेगळी गोष्ट. पितळेतलं तांबं घामाने हिरवं होतं, धुतलं की जातं.

प्रतिसाद ३

सामानाच्या तिप्पट हा हिशेब महाग खड्यांत कदाचित जमेल. स्वस्त तार आणि ४० मिनिटांचं काम असेल तर तो तुम्हाला फुकट राबवतो. सामान + (तास × तुमचा तासाचा दर) + पाकिटं, कार्डं, वीज, बिघडलेले तुकडे, असं मांडा. त्यावर थोडा नफा. तासाचा दर ठरवताना संकोच करू नका. उद्या हाताला लागलं आणि दुसरीकडून काम करून घ्यावं लागलं तर ती जेवढं मागेल, तेवढा धरा.

आता दुकानाचा वाटा. इथे बहुतेकजण चुकतात. समजा तुमच्या हातात ६० यायला हवेत. ६० वर ४० टक्के चढवून ८४ ठेवलेत तर दुकान ८४ चे ४० टक्के घेतं, तुमच्या हाती ५० आणि थोडे. ६० ला ०.६ ने भागायचं, उत्तर १००. तो आकडा गिऱ्हाईक देईल असं वाटत नसेल तर डिझाइन सोपं करा, मजुरी कापू नका. आणि स्वतः थेट विकतानाही किंमत तीच ठेवा, नाहीतर दुकान पुढच्या वेळी दारात उभं करणार नाही.

विकल्यावर पैसे म्हणजे तोवर माल तुमचा आणि अडकलेले पैसेही तुमचेच. ४० जोड असे देऊ नका. कागदावर घ्या : किती जोड, हिशेब कोणत्या तारखेला, हरवलं-तुटलं तर भरपाई कोणाची, न विकलेलं कधी परत.

प्रतिसाद ४

मी असतो तर नाही म्हटलं असतं. एकच वस्तू ४० वेळा करायची तर यंत्र आपल्यापेक्षा सरस. लोक हातकामाचे पैसे देतात ते थोडं डावं-उजवं असतं म्हणूनच ना?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पालथं घालायचं वाचून कपाळावर हात मारला. दोन वर्षं मी डावीकडे मान वाकडी करून बसतेय! आज मापाने कापून चार जोड केले, जोडाला २६ मिनिटं आणि चारही एकाच मापाचे.

प्रतिसाद ४, पटलं, पण अर्धंच. माप एक राहू दे, मणी प्रत्येक जोडाचा वेगळा ठेवणार आहे. मालकीणबाईंना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, तसंच बरं, एकसारखे बघून लोक पुढे जातात. (मग ‘तेच हवं’ कशाला म्हणाल्या होत्या, देव जाणे.) ठरलं ते असं : १२ जोड, त्यातले सहा त्या रोख विकत घेणार, सहा विकल्यावर. कागद आज लिहितेय.

घासलेला हूक तपासला. बोळा गुलाबी. पाकीट फेकलं, टायटॅनियमचे मागवलेत. पण त्याच पाकिटातले नऊ जोड आधीच गेलेत, तक्रार फक्त एकीची. बाकी आठजणींना स्वतःहून कळवू का? उगाच घाबरवल्यासारखं नाही ना होणार?

प्रतिसाद २

कळवा. ‘हूक बदलून देते, जोड पाठवा’ एवढंच लिहा, निकेल हा शब्द घालून. बदलायला जोडाला दोन मिनिटं लागतात. फक्त कडी उघडताना तोंडं दोन बाजूंना फाकवू नका, एक पुढे एक मागे अशी वळवा. फाकवलेली कडी परत नीट मिटत नाही.