शब्दचर्चा : 'निकटदृष्टी', 'लांबचा नंबर' आणि काचबिंदूतली 'मधली नजर'

पूर्वभाग (सोलापूर) :
आमच्या भागात यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार बायांसाठी डोळे तपासणीचं शिबिर आहे. त्याचं माहितीपत्रक मी लिहितोय. 'काचबिंदूत आधी बाजूचं दिसेनासं होतं, समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते' हे नेहमीचं वाक्य घातलं होतं. शिबिराच्या डॉक्टरांनी ते खोडलं. मायनस नंबरवाल्यांच्या मधल्या नजरेला लवकर धक्का बसू शकतो, त्यांना हे वाक्य गाफील ठेवेल, असं म्हणाले. मग मी लिहिलं, 'निकटदृष्टी असलेल्या रुग्णांत केंद्रीय दृष्टिनाश लवकर संभवतो.' अक्काला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "म्हणजे चाळिशीवाल्यांना का?" आता कुठले शब्द घालू?

ताणाबाणा :
अक्कांनी नेमकं पकडलं. निकटदृष्टी, लघुदृष्टी, ऱ्हस्वदृष्टी हे तिन्ही शब्द एकाच दोषाचे. पण 'निकटदृष्टीचा दोष' ऐकला की जवळचं दिसत नाही असंच वाटतं, आणि या माणसाला जवळचं तर स्वच्छ दिसतं. चष्म्याच्या दुकानात सगळे 'लांबचा नंबर' किंवा 'मायनस नंबर' म्हणतात. तेच लिहा. पाठ्यपुस्तकात ऱ्हस्वदृष्टी राहू दे, पत्रकात नको.

दृष्टिपटल :
मी नंबर तपासण्याचं काम करतो, म्हणून शब्दाआधी थोडं शरीराबद्दल लिहितो. काचबिंदू म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होण्याचा आजार, पुष्कळदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे होणारा.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २३-२४ मिमी लांब असतो. मायनस नंबर बहुतेक वेळा डोळा लांबल्यामुळे येतो. उणे ६ च्या पुढच्या नंबरात ही लांबी बऱ्याचदा २६ मिमीच्या वर जाते. ताणून बसवलेल्या कापडाची वीण जशी विरळ होते, तसे मागचे पडदे पातळ होतात. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते ती जागा तिरकी होते, तिथला चाळणीसारखा पडदाही पातळ पडतो. पीतबिंदूकडून म्हणजे मधल्या नजरेच्या जागेकडून येणारे तंतू याच जागेच्या कानाकडच्या बाजूने नसेत शिरतात, आणि तिरकेपणाही बहुधा त्याच बाजूला असतो. म्हणून लांब डोळ्यात काचबिंदू झाला की मध्याला अगदी लागून असलेली नजर लवकर जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं. सगळ्यांचं असं होत नाही, पुष्कळांची बाजूचीच नजर आधी जाते. पण 'समोरची शेवटपर्यंत शाबूत' ही हमी देता येत नाही.

मुळात काचबिंदू होण्याचा धोकाही मायनसवाल्यांना अधिक. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स पाहणीत (१९९९) तो थोड्या नंबरात सुमारे दुप्पट आणि उणे ३ च्या पुढे तिपटीहून जास्त आढळला. डोळ्याचा दाब नॉर्मल असतानाही नस खराब होते, हे अशा डोळ्यांत विसरून चालत नाही.

तपासणीचीही एक अडचण आहे. नजरेच्या नेहमीच्या चाचणीत, जिला आम्ही २४-२ म्हणतो, ५४ बिंदू सहा-सहा अंशांवर असतात. मध्याजवळचा छोटा खड्डा त्यांच्या मधून निसटू शकतो. १०-२ या चाचणीत मधल्या दहा अंशांतच ६८ बिंदू दोन-दोन अंशांवर तपासले जातात. मायनस नंबर मोठा असेल तर ही चाचणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावं.

ताणाबाणा :
मग 'केंद्रीय दृष्टिनाश' हा शब्दही चुकीचं चित्र उभं करतो. मधली नजर संपूर्ण गेली, असं वाटतं त्याने. 'मधल्या नजरेजवळ डाग पडतो' कसं वाटतं?

दृष्टिपटल :
'डाग' नको. लोक काळा ठिपका दिसेल म्हणून वाट बघत बसतात आणि तो बहुतेकांना दिसतच नाही. गेलेली जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. माणूस सांगतो ते वेगळंच : ओळ वाचताना अक्षर गळतं, पुढचा शब्द सापडत नाही, सुईत दोरा ओवताना टोक हरवतं. तक्त्यावर तोच माणूस ६/६ वाचून दाखवतो, म्हणून घरचे म्हणतात, काही झालेलं नाही. तेव्हा 'अक्षरं गळणं' हेच लिहा.

नवीपेठ :
एक शब्द मीही सुचवते, कारण माझ्या भाच्याने लेझर करून घेतलंय. आपण म्हणतो, 'त्याने नंबर काढला.' नंबर निघाला म्हणजे धोकाही निघाला, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

दृष्टिपटल :
ताई, हे पत्रकात हवंच. लेझरने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो, डोळ्याची लांबी तेवढीच राहते. शिवाय तो पडदा पातळ झाल्यामुळे दाब मोजताना आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. म्हणून पूर्वी किती नंबर होता ते डॉक्टरांना सांगायचं, जुना कागद असेल तर सोबत न्यायचा.

पूर्वभाग :
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं लिहितोय :

'लांबचा (मायनस) नंबर असलेल्यांना काचबिंदूचा धोका जास्त असतो. त्यांची समोरची नजरही लवकर बिघडू शकते. वाचताना अक्षरं गळत असतील, तर तक्ता नीट वाचता येत असला तरी डोळ्याची नस तपासून घ्या. लेझरने नंबर काढला असेल, तर आधीचा नंबर सांगा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी किंवा उपचारांनी टिकवता येते.'

ताणाबाणा :
'थेंबांनी' ऐवजी 'डोळ्यात घालायच्या औषधाने' करा, पोलिओचे थेंब वाटतील. आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनाही तपासायला घेऊन या, ही ओळ ठळक अक्षरात टाका. पत्रक तेलुगूतही काढणार असाल तर तिथेही नंबराचा घरात बोलला जाणारा शब्द अक्कांनाच विचारा.