अनुभव धागा: तीन हजारांच्या आतला हलका गेमिंग माउस

हा धागा तीन हजार रुपयांच्या आतल्या आणि ९० ग्रॅमच्या आतल्या माउससाठी आहे. घेताना काय पाहिलंत, वापरात काय बिघडतं, का बिघडतं आणि दुरुस्ती कशी होते, हे आकड्यांसकट लिहा. ‘मस्त आहे, डोळे झाकून घ्या’ एवढ्याने कुणाचंच भागत नाही.

प्रत्येकाने सुरुवातीला तीन गोष्टी द्याव्यात. पहिली, हाताची लांबी: मनगटाच्या पहिल्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दुसरी, पकड: अख्खा तळवा टेकला तर पाम, बोटं वाकवून तळव्याची फक्त मागची बाजू टेकली तर क्लॉ, नुसत्या बोटांच्या टोकांवर धरला तर फिंगरटिप. तिसरी, गेम (इथे बहुतेक व्हॅलोरंट, सीएस२ म्हणजे काउंटर-स्ट्राइक २, एपेक्स असे नेमबाजीचे). याशिवाय दिलेला सल्ला दुसऱ्याच्या चपलेच्या मापासारखा आहे.

हात १८.५ सेंमी, क्लॉ, व्हॅलोरंट

आधी आकार, मग सेन्सर (तळाचा, हालचाल टिपणारा), मग वजन. हा क्रम उलटा केला की पैसे वाया जातात. ढोबळ हिशेब असा: हाताची लांबी गुणिले ०.६ म्हणजे माउसची लांबी. १८.५ ला ११.१ सेंमी येते. क्लॉला हे माप चालतं, पामवाल्यांनी वर एक-दीड सेंमी धरावा. लॉजिटेकचे जी१०२ आणि जी३०४ दोन्ही ११६.६ मिमी लांब आणि ३८.२ मिमी उंच, साचा एकच. जी१०२ वायरचा, ८५ ग्रॅम; जी३०४ बिनवायरीचा. मध्यम हाताला हा साचा सहसा बसतो, म्हणून नवख्याला तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

वजन स्वतः करून पाहा. किचनचा काटा पुरतो. माउस काट्यावर ठेवा आणि केबल हाताने वर धरा, नाहीतर तिचा भार आकड्यात येतो. खोक्यावरचं वजन बहुतेक वेळा केबल सोडून दिलेलं असतं, बिनवायरीचं बॅटरीसकट आहे की बॅटरीविना, ते बारीक अक्षरात शोधावं लागतं.

हात १७.५ सेंमी, फिंगरटिप, सीएस२

जी३०४ बद्दल, कारण हलका करण्याचा प्रश्न तिथेच सगळ्यात जास्त येतो. वजन ९९ ग्रॅम, पण त्यातले साधारण २३ ग्रॅम एका साध्या अल्कलाइन एए सेलचे. सेल काढला की उरतात ७६ च्या आसपास. लिथियम एए सुमारे १५ ग्रॅमचा, तो घातला की ९१. लिथियम एएए साडेसात ग्रॅमचा, त्याला एएए-ते-एए अशी प्लास्टिकची नळी लागते, तिचे दोनतीन ग्रॅम धरून ८६-८७.

आकड्यापेक्षा तोल जास्त जाणवतो. सेल तळव्याखाली, मागच्या बाजूला बसतो. तो हलका झाला की माउस उचलताना शेपटी खाली लोंबत नाही. फिंगरटिपवाल्याला हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

एक अडचण नक्की येते. नळी किंचित सैल असेल तर माउस पॅडवर आपटल्यावर क्षणभर वीज तुटते आणि क्रॉसहेअर (गेममधली नेमाची खूण) जागीच थांबतं. काडेपेटीच्या पुठ्ठ्याची नखाएवढी पट्टी नळीच्या बाजूला सरकवा, हलायची बंद होते. स्प्रिंग ताणू नका, ती एकदा वाकडी झाली की पूर्ववत होत नाही. चार्ज होणारे निकेल सेल वापरणार असाल तर ते अल्कलाइनपेक्षाही जड, २६ ते ३० ग्रॅम, आणि १.२ व्होल्टचे असल्याने सॉफ्टवेअरमधली टक्केवारी पहिल्या दिवसापासून कमी दिसते. घाबरून सेल फेकू नका.

हात १९ सेंमी, पाम आणि क्लॉच्या मधली, व्हॅलोरंट

सेन्सरचं नाव दिलेलं नसेल तर तो माउस सोडून द्या. ‘७२०० डीपीआय’ (माउस एक इंच हलवल्यावर किती ठिपके मोजले जातात) नुसतं छापणं सोपं असतं. पाहायचा आकडा आयपीएस, म्हणजे सेकंदाला किती इंच वेगापर्यंत सेन्सरला हालचाल कळते. ६० आयपीएस म्हणजे दीड मीटर प्रति सेकंद. कमी सेन्सिटिव्हिटीवर (हात जास्त फिरवल्यावर नेम थोडा सरकतो अशा सेटिंगवर) हात झटक्यात फिरवला की हा वेग सहज ओलांडला जातो, आणि नजर एकदम जमिनीकडे नाहीतर आभाळाकडे जाते. पिक्सआर्ट कंपनीच्या ३३११ सेन्सरला ३०० आयपीएस, जुन्या ३३६० ला २५०, ३३९५ ला ६५०. तीनशेच्या पुढचं माणसाच्या हाताला लागत नाही, त्यामुळे या बजेटात ३३११ मिळाला तर ३३९५ साठी जीव टाकू नका.

तपासायची पद्धत: पॅडच्या डाव्या कडेला पट्टी टेकवा, माउस पट्टीला चिकटवून क्रॉसहेअर भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर धरा. माउस जोरात उजवीकडे नेऊन सावकाश परत पट्टीला आणा. क्रॉसहेअर खुणेवर परत आलं पाहिजे. पाच वेळा करा. पण त्याआधी विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ (हाताच्या वेगानुसार बाण कमीजास्त पळवणारी सोय) बंद आहे ना ते पाहा, नाहीतर हीच तपासणी डेस्कटॉपवर केली तर चांगला माउसही नापास होईल.

हात १८ सेंमी, क्लॉ, एपेक्स, मुक्काम कोकणपट्टीत

जाळीच्या पाठीचा माउस किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी विचार करून घ्यावा. भोकांतून घाम आणि धूळ थेट सर्किट बोर्डावर उतरते, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत तिचा चिकट थर होतो. चाकाचा एन्कोडर (फिरणं मोजणारा भाग) आधी बिघडतो: खाली फिरवलं तर मधूनच एक घर वर जातं. हाताच्या ब्लोअरने आठवड्याला हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. आता बंद पाठीचेही हलके माउस मिळतात: रेझर वायपर मिनी बंद पाठीचा असूनही ६१ ग्रॅम होता, त्यानंतरचा कोब्रा ५८. दोन्ही वायरचे, पण केबल मऊ विणीची असल्याने ओढत नाही.

पावसाळ्यात माउस जड वाटायला लागला तर बहुतेक वेळा दोष कापडी पॅडचा असतो, तो ओलावा धरतो. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ स्पंज, आणि पंख्याखाली पूर्ण चोवीस तास. पिळू नका, गुंडाळू नका.

हात १८.५ सेंमी, क्लॉ. दुरुस्तीचं काम करतो

डबल क्लिकबद्दल सविस्तर लिहितो. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होणं, किंवा धरून ओढताना फाइल मधेच सुटणं, हे मूळ दुखणं स्विचच्या आतल्या तांब्याच्या पातीचं असतं. माउसमधून जाणारा प्रवाह इतका कमी असतो की संपर्काच्या टोकावर साचलेला ऑक्साइडचा थर जळून जात नाही. दमट हवेत तो लवकर साचतो. ऑप्टिकल स्विचमध्ये क्लिक प्रकाशाच्या किरणाने ओळखला जातो, धातूचा संपर्क नसतो, म्हणून तिथे हा प्रकार होत नाही.

पहिला उपाय सॉफ्टवेअरचा. डीबाउन्स टाइमची (एका क्लिकनंतर किती वेळ दुसरा क्लिक धरायचा नाही, त्याची) सोय असेल तर २ वरून ८-१० मिलिसेकंद करा. काही महिने निघतात.

दुसरा उपाय स्विच बदलण्याचा. स्क्रू बहुतेक वेळा तळाच्या स्केट्सखाली (घसरण्यासाठी चिकटवलेल्या गुळगुळीत पट्ट्यांखाली) असतात. हेअर ड्रायरने वीसेक सेकंद शेक द्या, मग पातळ प्लास्टिक कार्डाने कोपऱ्यातून सावकाश उचला. सुरीने उचकटला की स्केट दुमडतो, आणि ती घडी नंतर पॅडवर खरखरते. माउसचं कवच उघडताना झटका देऊ नका, वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी बारीक केबल असते. बॅटरीचा कनेक्टर आधी काढा.

स्विचला तीन पाय. प्रत्येक पायावर आधी थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) लावा, जुनं कठीण सोल्डर त्यात मिसळून लवकर वितळतं. सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांवर, एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त नको, नाहीतर बोर्डवरचा तांब्याचा पॅड (पाय जोडायची जागा) उचलून येतो आणि मग काम हाताबाहेर जातं. सोल्डर पंपाने ओढून घ्या. नवा स्विच बसवताना वरचा छोटा ठिपका (दाबला जाणारा) मधोमध नसतो हे लक्षात ठेवा. तो जुन्या स्विचमध्ये ज्या बाजूला होता त्याच बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा दोन्ही एकदम बदला, म्हणजे दाबायला सारखे लागतात.

हात १९.५ सेंमी, पाम, व्हॅलोरंट

बिनवायरीचा माउस अडखळत असेल तर माउस बदलण्याआधी डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) हलवा. यूएसबी ३ च्या पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, आणि डोंगलही त्याच पट्ट्यात चालतं. सीपीयूच्या मागच्या निळ्या पोर्टमध्ये, शेजारी पेनड्राइव्ह, ही सगळ्यात वाईट जागा. एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल पॅडपासून वीसेक सेंटिमीटरवर आणा. ब्लूटूथवर गेम खेळू नका, तिथे नोंदींचा वेग साधारण १२५ हर्ट्झ (सेकंदाला १२५ वेळा), म्हणजे दोन नोंदींत ८ मिलिसेकंद. डोंगलवर १००० हर्ट्झला एकच मिलिसेकंद.

आणि नवा माउस ‘चार्जच होत नाही’ अशी तक्रार असेल तर केबल पाहा. बऱ्याच स्वस्त माउसमध्ये टाइप-सी पोर्टला लागणारे दोन रोधक वगळलेले असतात, त्यामुळे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जर वीजच सोडत नाही. एका टोकाला जुना आयताकृती यूएसबी (टाइप-ए) असलेली केबल लावा, लगेच चार्ज होतो.

हात १७ सेंमी, फिंगरटिप, व्हॅलोरंट आणि सीएस२

१०० ग्रॅमवरून ६० वर आलात की पहिले काही दिवस नेम लक्ष्याच्या पुढे जातो. लगेच सेन्सिटिव्हिटी कमी करू नका, हात आठवड्याभरात सावरतो. आकडे मात्र लिहून ठेवा. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्सिटिव्हिटीला पूर्ण ३६० अंशांच्या गिरकीसाठी सुमारे ४६.७ सेंमी हात फिरतो. तोच वेग सीएस२ मध्ये हवा असेल तर ३.१८ ने गुणा, १.११ येतं. गिरकी पट्टीने मोजून पाहा: नव्या माउसवर दोनतीन सेंमीचा फरक आला तर त्याचा ‘८००’ खरा ८०० नाही, आणि सॉफ्टवेअरमध्ये ५० च्या पायऱ्यांनी तो जुळवून घेता येतो.